सरळ आणि गोल यांच्यामध्ये

फैजान तांबोळी एकाच जागी पडत होता, आणि का पडत होता ते कुणालाच कळत नव्हते.

पडत होता म्हणजे खराखुरा नव्हे. ‘भिंगरी’ नावाच्या शर्यतीच्या खेळात त्याची छोटी चारचाकी कार्ट रस्त्याच्या कडेवरून घसरून खालच्या ढगांत जायची. मग एक लाल फुगा तिला उचलून पुन्हा रस्त्यावर ठेवायचा. एवढ्यात चार सेकंद गेलेले असायचे. ट्रॅकवर अवघड जागा काही कमी नव्हत्या. घाटातल्यासारखे उलटे फिरणारे एक वळण होते, एक अरुंद पूल होता, एक एकदम खाली जाणारा उतार होता. पण तिथे फैजान आधीच वेग कमी करायचा आणि नीट पार व्हायचा. तो पडायचा ते सगळ्यांत मोठ्या, सगळ्यांत साध्या वळणावर. तीन दिवसांत त्याने एकतीस फेऱ्या मारल्या. त्यांतल्या चोवीस वेळा तो तिथेच, वळण सुरू झाल्यावर पंचवीस-तीस मीटरांवर, बाहेरच्या कडेवरून पडला.

ही गोष्ट २०४३ सालची, कुर्डुवाडीची आहे. फैजान आणि त्याची मैत्रीण शाल्मली काळदाते सातवीत होते. त्या वर्षी जिल्ह्यातल्या शाळांची भिंगरीची स्पर्धा व्हायची होती. नियम असा होता की दोघांच्या जोडीने एक ट्रॅक बांधायचा, दोघांनीही तो चालवायचा, आणि ज्याला जास्त वेळ लागेल त्याची वेळ जोडीची म्हणून धरायची. नावे शनिवारी दुपारी बारापर्यंत बाईंना कळवायची होती.

ट्रॅक शाल्मलीने बांधला होता. भिंगरीमध्ये बांधकामाची हत्यारे असतात. सरळ पट्टी असते, गोल कंस (वर्तुळाचा कापलेला तुकडा) असतो, चढ-उतार करायची कळ असते. शिवाय खुंट्या असतात. हव्या तिथे खुंट्या ठोकल्या की त्यांच्यामधून एखादी लवचीक पट्टी न्यावी तसा रस्ता आपोआप तयार होतो. शाल्मलीला खुंट्या आवडत नसत. तिने एकदा ओळीने वीस-बावीस ठोकून पाहिल्या, तेव्हा रस्ता गांडुळासारखा वळवळला होता. त्यापेक्षा सरळ पट्टीला गोल कंस जोडला की काम चोख. जोड तर ती असा बसवायची की तो कुठे आहे हे शोधूनही सापडू नये. याचा तिला अभिमान होता.

फैजानविषयी एक गोष्ट सांगायला हवी. तो दिवस भरायच्या आधीच जन्मला होता आणि त्याच्या डाव्या हाताचे स्नायू सावकाश चालतात. अंगठा हलतो, हवा तिथे पोचतो, फक्त वेळ घेतो. पाण्यातून चालणारा माणूस घेतो तसा. खेळाच्या कंट्रोलरवर डाव्या अंगठ्याखाली एक दांडी असते. ती जितकी कलेल तितकी कार्टची चाके वळतात. उजव्या हाताकडे वेग, ब्रेक आणि उडीची बटणे. दोघांनी हातांची अदलाबदल करूनही पाहिली होती, पण मग तीन बटणांचे काम त्या एका सावकाश अंगठ्यावर आले आणि घोटाळा वाढला. कंट्रोलरच कलता करून कार्ट वळवायची सोय होती. तिला दोन्ही मनगटे लागत. शेवटी पहिलीच पद्धत बरी ठरली.

शाल्मलीने आपल्या परीने उपाय केला होता. तिने वळणाची त्रिज्या (वर्तुळाच्या मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर) तीस मीटरवरून पंचेचाळीस केली. त्यामुळे पडण्याची जागा थोडी पुढे सरकली, पडणे थांबले नाही. आणखी मोठे वळण घ्यायला मैदानावर जागा उरली नव्हती. फैजान स्वतः वळणाच्या आधीच दांडी कलवून पाहत होता. कधी ते जमायचे, कधी फार लवकर कलायची आणि कार्ट आतल्या कडेला घासायची. वळण नेमके कुठे सुरू होते ते दिसेल तर ना, असे तो म्हणाला. तेव्हा शाल्मलीला ते आपल्या जोडाचे कौतुकच वाटले.

मग बुधवारी तिने एक गोष्ट केली आणि ती कुणाला सांगितली नाही.

भिंगरीत ‘सांभाळ’ नावाची एक सोय आहे. ती चालू केली की कार्ट कडेजवळ जाताच स्वतःच वळते. अगदी लहान मुलांसाठी ती ठेवलेली असते. शाल्मलीने फैजानच्या कंट्रोलरसाठी ती गुपचूप चालू केली. सरावापुरती, असे तिने स्वतःला समजावले. आत्मविश्वास आला की बंद करून टाकू.

त्या दुपारी शाल्मलीच्या घरी फैजान एकदाही पडला नाही. त्याने फोनवरून अम्मीला फेरीची वेळ सांगितली. दुसरी फेरी सुरू करताना तो म्हणाला, की आता त्या वळणाला त्याची ओळख पटली आहे. नेमके त्याच वळणावर त्याच्या नाकाला खाज सुटली. त्याने डावा हात उचलून नाक खाजवले. कार्ट डौलात वळून पुढे गेली.

फैजानने कंट्रोलर टेबलावर ठेवला. आपटला नाही, अलगद ठेवला.

“ही कार्ट मी चालवत नव्हतो,” तो म्हणाला.

शाल्मलीने सांगायचा प्रयत्न केला, पण तिची वाक्ये एकमेकांत अडकली. फैजान दप्तर आवरत राहिला. दारात थांबून तो एवढेच म्हणाला की बाईंना तुझ्याबरोबर दुसऱ्या कुणाचे तरी नाव दे. वर्गातल्या ओजसचे दे, त्याचे दोन्ही अंगठे तुझ्यासारखेच माकडाचे आहेत.

एरवी ती या बोलण्यावर हसली असती.

शाल्मलीचे आबा, म्हणजे आईचे वडील, रेल्वेमार्ग निरीक्षक होते. चाळीस वर्षे रूळ तपासण्यात गेली. आता गाड्या चालकाविना धावतात आणि रूळ तपासायला यंत्रे फिरतात, पण आबांना अजून कुठलेही वळण दिसले की ते मान तिरकी करून त्याच्याकडे पाहतात. बोलतात मात्र कमी. आपल्याला माहीत आहे त्याचा कुणाला उपयोग असेल, असे त्यांना सहसा वाटत नाही.

गुरुवारी संध्याकाळी शाल्मलीने त्यांना सगळे सांगितले, सांभाळची गोष्टसुद्धा. आबा रागावले नाहीत. त्यांनी वळणाची त्रिज्या वाढवून पाहायला सुचवले. ते आधीच करून झाले आहे, असे शाल्मलीने सांगितले. मग आबा म्हणाले, मला या खेळातले काही कळत नाही, पण मी एकदा चालवून पाहू का?

त्यांनी कंट्रोलर उलटा धरलेला पाहून शाल्मलीने तो सरळ करून दिला. उलट्या वळणावर आबा जवळजवळ थांबले. पुलावरून बैलगाडीच्या चालीने गेले. मग सरळ रस्ता आला, कार्टने वेग घेतला, मोठे वळण आले, आणि आबा बाहेरच्या कडेवरून ढगांत गेले.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच, तिथेच.

शाल्मली आधी हसत होती. तिसऱ्या वेळी तिचे हसू थांबले. आबांच्या हाताला कसला आजार नव्हता. ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते आणि त्यांचा अंगठा सावकाश चालत होता, इतकेच.

“म्हणजे खोट फैजानच्या हातात नाही,” ती म्हणाली. “वळणात आहे.”

आबांनी कन्सोलला (खेळ चालवणाऱ्या यंत्राला) विचारले, की वळणावर दांडी किती कलायला हवी होती आणि त्यांनी ती किती कलवली, याचा आलेख (आकड्यांचे रेषेने काढलेले चित्र) काढता येईल का. कन्सोलने लगेच भिंतीवर दोन रेषा काढल्या. आडवे अंतर म्हणजे रस्त्यावरचे मीटर. उंची म्हणजे दांडीचा कल. आबांची रेषा निळी होती. ती जमिनीवरून निघून टेकडीसारखी हळूहळू चढत होती. हवी असलेली रेषा लाल होती. ती जमिनीला धरून सरळ आली आणि वळण सुरू झाले त्या ठिकाणी एकदम ताठ उभी राहिली. वर गेल्यावर पुन्हा आडवी.

“इथे तू भिंत बांधली आहेस,” आबा म्हणाले.

शाल्मलीला समजेना. तिचा रस्ता तर इतका गुळगुळीत होता.

आबांनी समजावले ते मी इथे माझ्या शब्दांत सांगतो. थोडे किचकट वाटले तर दोष माझ्या सांगण्याचा समजावा. गोष्ट सोपी आहे. रस्ता किती वळतो आहे याचे माप असते, त्याला वक्रता म्हणतात. सरळ रस्त्याची वक्रता शून्य. वर्तुळाची वक्रता सगळीकडे सारखी असते, आणि वर्तुळ जितके लहान तितकी ती जास्त. आता सरळ पट्टीला थेट गोल कंस जोडला तर डोळ्याला जोड दिसत नाही, कारण रस्ता कुठे मोडलेला नसतो. पण वक्रता मात्र त्या एका बिंदूत शून्यावरून पूर्ण होते. डोळ्याला गुळगुळीत असते, अंगठ्याला ती उंच पायरी असते. दांडीही तिथे एका क्षणात शून्यावरून पूर्ण कलायला हवी, आणि असे कुणालाच करता येत नाही. अगदी कुणालाच.

“पण मी तर पडत नाही,” शाल्मली म्हणाली.

आबांनी तिला चालवायला सांगितले आणि तिचाही आलेख काढून घेतला. तिची रेषाही भिंतीसारखी उभी नव्हती. ती चढणच होती, फक्त चांगलीच ताठ. तिच्या अंगठ्याला सेकंदाचा सातवा हिस्सा लागत होता. कार्ट सेकंदाला वीस मीटर धावते. म्हणजे तेवढ्यात तीन मीटर ती चुकीच्या दिशेने जात होती आणि पुढे शाल्मली पटकन सावरत होती. चूक तिचीही होत होती. ती लहान होती म्हणून रस्त्यात मावत होती.

मग आबांनी टेबलावर त्यांची जुनी पोलादी फूटपट्टी ठेवली, तिचे एक टोक तळहाताने घट्ट दाबून धरले आणि दुसऱ्या मोकळ्या टोकावर बोटाने जोर दिला. पट्टी वाकली. कुठे जास्त वाकली आहे ते त्यांनी शाल्मलीला पाहायला लावले. बोटाजवळ पट्टी जवळजवळ सरळ होती. तिथून तळहाताकडे जाताना तिचा बाक थोडा थोडा वाढत गेला होता. कुठेही उडी नव्हती.

“रुळांना आम्ही सरळ आणि गोल यांच्यामध्ये असा तुकडा घालायचो,” आबा म्हणाले. “संक्रमण वक्र (हळूहळू वळायला लागणारा, मधला तुकडा) म्हणतात त्याला. नाहीतर गाडीतली माणसं एकमेकांवर पडली असती.”

शाल्मली पट्टीकडे बघत राहिली. मग तिला खुंट्या आठवल्या. त्या हत्यारातला रस्ता लवचीक पट्टीसारखाच तर वागत होता. तिने तो वळवळणारा रस्ता आबांना दाखवला. त्यांनी एका नजरेत ओळखले की खुंट्या फार झाल्या. पट्टीला दर वितीवर पकडले तर तिला आपल्या चालीने वाकायला वाव राहत नाही, आणि प्रत्येक खुंटीची बारीकशी चूक तिला इकडेतिकडे ओढते. चार ठोक, ते म्हणाले, बाकीचे पट्टीवर सोड.

मधला तुकडा किती लांब हवा, हा पुढचा प्रश्न. अंगठ्याला जितका वेळ लागतो तेवढ्या वेळात कार्ट जितकी धावते, निदान तितका. म्हणजे फैजानच्या अंगठ्याचा वेळ माहीत हवा. शाल्मली उत्साहाने उठली. त्याच्या एकतीस फेऱ्यांची नोंद कन्सोलमध्ये होतीच. तिथून आकडा काढायला काहीच लागत नव्हते.

आबांनी कन्सोलवर हात ठेवला.

“अंगठा त्याचा आहे,” ते म्हणाले. “त्याला विचार.”

शुक्रवारी शाळा सुटल्यावर शाल्मली फैजानच्या घरी गेली. त्याच्या अम्मी शिवणाचे यंत्र चालवत होत्या. त्यांनी ये गं म्हणून तिला आत घेतले, पाणी दिले, आणि फैजान गच्चीवर आहे, दोन दिवस तोंड पाडून बसला आहे, तू तरी विचार काय झाले ते, असे सांगितले. म्हणजे त्याने घरी काही सांगितले नव्हते. शाल्मलीला ते जास्तच लागले.

गच्चीवर फैजान वाळत घातलेल्या पापडांवरून कावळे हाकत होता. शाल्मलीने वाटेत एक मोठे भाषण जुळवले होते. त्यातले काहीच आठवले नाही.

“मी तुला न विचारता सांभाळ चालू केलं. चुकलं माझं.”

“हां.”

“तू पडावंस असं मला वाटत नव्हतं.”

“मलाही वाटत नव्हतं,” फैजान म्हणाला. “पण पडत तरी मी होतो, शालू. ते पार होणं माझं नव्हतंच. अम्मीला मी फोन करून सांगितलं.”

शाल्मलीने पापडांवर उतरलेला एक कावळा हाकलला. मग तिने विचारले की तुझ्या अंगठ्याला लागणारा वेळ मोजू का. नाही म्हणालास तर नाही. का मोजायचा ते तिने भिंतीवरच्या त्या दोन रेषांपासून सगळे सांगितले. आबा तीनदा पडले हे ऐकल्यावर फैजानने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिले.

“तिथेच?”

“अगदी तिथेच.”

“मग चल,” तो म्हणाला. “पण खुंट्या मी ठोकणार. तू आणखी काय लपवशील, भरवसा नाही तुझा.”

त्याच्या अंगठ्याला सेकंदाचे आठ दशांश लागत होते. शाल्मलीच्या घरी कन्सोलने ते पाच वेळा मोजले, पाचही वेळा जवळजवळ तेवढेच. वीस मीटर गुणिले शून्य पूर्णांक आठ, म्हणजे सोळा मीटर. थोडी सैल जागा हवी म्हणून त्यांनी चोवीस धरले. फैजानने कंसाचे सुरुवातीचे टोक पुसले आणि चार खुंट्या ठोकल्या. एक ठोकली की तो डोळे मिटून अंगठा कलवून बघायचा, मग पुढची. आलेखातली लाल भिंत आडवी झाली आणि तिची चढण बनली. आबा मागे स्टुलावर बसून होते. त्यांनी काही सुचवले नाही.

मग फैजानने कार्ट सोडली. उलटे वळण, पूल, उतार, सरळ रस्ता. मोठे वळण आले आणि त्याचा अंगठा रस्त्याबरोबर कलत गेला. पंचवीस मीटर गेले, तीस गेले. कार्ट मधोमध होती. शाल्मलीने श्वास सोडला.

आणि वळणाच्या शेवटी फैजान आतल्या कडेवरून पडला.

लाल फुगा आला, त्याने कार्ट उचलली. शाल्मलीला रडू येईल असे वाटले. ती काहीतरी समजुतीचे बोलणार होती, पण फैजानचे तिच्याकडे लक्षच नव्हते. तो आलेखाचे दुसरे टोक बघत होता. तिथे लाल रेषा वरून एकदम सरळ खाली कोसळत होती.

“इकडेही भिंत आहे,” तो सावकाश म्हणाला. “आपण आत शिरायचा रस्ता बांधला, बाहेर पडायचा नाही बांधला. दांडी सोडायलाही मला तेवढाच वेळ लागतो.”

खरेच होते. आजवर सांभाळ बंद असताना वळणाच्या शेवटापर्यंत तो पूर्ण वेगात क्वचितच पोचला होता, म्हणून हे कुणाच्या ध्यानात आले नव्हते. आबांनी कपाळाला हात लावला. रुळांना दोन्ही बाजूंना मधला तुकडा घालतात, हे सांगायचे ते विसरलेच होते. ते माफी मागू लागले, तेव्हा फैजानने त्यांना थांबवले. बरे झाले विसरलात, तो म्हणाला, हे मला सापडलं.

बाहेरच्या बाजूला त्याने आणखी चार खुंट्या ठोकल्या. पुढच्या फेरीत तो वळणात शिरला, वळला, आणि अंगठा हळूहळू मोकळा करत सरळ रस्त्यावर आला. त्याने आणखी पाच फेऱ्या मारल्या. एकदा पुलावर घसरला, कारण मागे वळून शाल्मलीला काहीतरी ऐकवत होता. मोठ्या वळणावर एकदाही नाही. सांभाळ बंद असल्याचे त्याने दर फेरीआधी स्वतः तपासले.

त्यानंतर शाल्मलीने तोच ट्रॅक चालवला आणि तिची वेळ दीड सेकंदाने कमी झाली. तिला आश्चर्य वाटले. मग तिने आपला आलेख पाहिला. पूर्वी वळणाच्या सुरुवातीला तिची रेषा वरखाली थरथरायची. सावरताना ती वेग गमावत होती आणि तिला ते कधी कळले नव्हते. आता ती लाल रेषेवरून शांतपणे चढत होती. सावकाश अंगठ्यासाठी बांधलेला रस्ता चपळ अंगठ्यालाही मानवला होता.

शनिवारी सकाळी बाईंचा निरोप आला की शाल्मलीच्या जोडीचे दुसरे नाव अजून मिळालेले नाही. शाल्मलीने निरोप वाचून दाखवला आणि फैजानकडे पाहिले.

“दे माझं,” तो म्हणाला. “ट्रॅक आपल्या दोघांचा आहे असंही लिही.”

तिने लिहिले आणि पाठवले. तोवर फैजान पुन्हा आलेखाकडे वळला होता. त्याने रेषेचा एक छोटासा भाग मोठा करून भिंतभर पसरला. आडवी रेषा जिथे संपते आणि चढण जिथे सुरू होते, ती जागा.

“आबा, हे बघा. भिंत गेली, पण इथे एक कोपरा आहे. अंगठा इथवर स्वस्थ आहे आणि इथून एकदम निघतो. हा कोपराही गोल करता येईल का?”

आबा चष्मा लावून भिंतीजवळ गेले. मग म्हणाले, की फार वेगाच्या गाड्यांसाठी लोकांनी याचा विचार केला आहे असे त्यांनी ऐकले होते. त्यांच्या रुळांवर कधी तेवढा वेग आलाच नाही. त्यामुळे त्यांना ते येत नाही.

“मग शिकू या,” फैजान म्हणाला, आणि त्याने आबांसाठी भिंतीजवळ स्टूल ओढले.